आज रस्ता बंद

आमच्या बेटावरून मुख्य भूमीकडे
कडक हिवाळ्यात समुद्रावरूनच रस्ता जातो.
बर्फ किती जाड, ते मी मोजते.
गिरमिटाने भोक पाडायचं, पट्टी बुडवायची,
आकडा वहीत लिहायचा,
पुरेसा असला तर आडकाठी वर.
गाडीत पट्टा बांधायचा नाही, असा इथला नियम:
बर्फ फुटलाच तर उडी मारता यायला हवी.
आणि सूर्य मावळल्यावर कुणीच निघायचं नाही.

टार्वोला हे सगळं लहानपणापासून पाठ.
म्हणून त्याला मी ह्याच भाषेत सांगितलं.
दुसरी मला येत नव्हती.

टेबलावर राईचा पाव, धुरावलेला मासा,
त्याचा हात माझ्या गुडघ्यावर.
म्हटलं, थांब. हात असू दे, पण ऐक.
मला हर्पीस आहे. ओठावरचा नव्हे, खालचा.
एकोणीस वर्षं झाली.
कण्याच्या तळाशी, नसांच्या गाठीत झोपून असतो,
उठताना मला विचारत नाही.

त्याने हात काढला नाही. दाबलाही नाही.
मग म्हणाला, "कुणी दिला?"
सगळे हेच आधी विचारतात,
जणू घड्याळ आहे, परत करता येईल.
वेल्लोने. त्याला माहीत होतं की नव्हतं,
ते त्याच्याबरोबर स्वीडनला गेलं.

"आठवडाभर दे मला."
आणि टोपी विसरून गेला.
टोपी खुंटीवर होती. मी तिला हात लावला नाही.
(एकदा लावला.)

नवव्या दिवशी आला, खिशात कागद,
पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न.
एका कपातून कॉफी? चालेल.
साउना? चालेल.
टॉवेल? आपापला. तो तसाही कुणाचा वापरू नये.
तू रोज गोळी घेतलीस तर? धोका कमी होतो, शून्य नाही.
कंडोम? कमी. शून्य नाही.
आणि अंगावर काहीच नसतं तेव्हा?
तेव्हाही, टार्वो.
तडा दिसत नाही म्हणून खाली पाणी नाही, असं नसतं.
कागदाची घडी घातली त्याने.
फेरीबोटीचा मेकॅनिक तो,
शून्य हा आकडा
त्यानेही कुठल्याच मापावर फार वेळ टिकलेला पाहिला नव्हता.

आधी डाव्या मांडीत मुंग्या येतात,
मग कमरेत बारीकसा ठणका.
मी स्वयंपाकघरातून ओरडते: आज रस्ता बंद!
तो पत्ते काढतो. हरतो. चिडतो.
खपली पडून कातडी पुन्हा माझी होईपर्यंत
त्याच्याकडे माझे अकरा डाव थकलेले असतात.

एकदा मी आडकाठी लावली नाही.
त्याचा वाढदिवस होता.
मुंग्या होत्या, मी म्हटलं दमणूक असेल.
पुढचे चौदा दिवस
त्याच्या अंगाकडे मी बर्फाकडे बघावं तशी बघत होते:
कुठे रंग बदलला, कुठे फुगलं.
पंधराव्या दिवशी सांगितलं.
दोन रात्री तो बोटीवर झोपला.
तिसऱ्या सकाळी दारातच उभा, बूट न काढता:
"मोजणाऱ्याने खोटा आकडा लिहिला, हेल्वे,
तर भरवसा कशावर ठेवायचा?"
मला उत्तर आलं नाही.
त्याने बूट काढले.

यंदा समुद्र गोठलाच नाही.
गिरमीट कोठीत, वही कोरी,
कचेरीतून पत्र: ह्या मोसमात काम नाही.
टार्वोची बोट मात्र रोज पहाटे सहाला सुटते.
काल त्याच्या तपासणीचा कागद आला,
अजून लागण नाही.
'अजून' हा शब्द डॉक्टरीणबाईंनी लिहिला नव्हता,
तो मी वाचला.

रात्री दिवा मालवण्याआधी
तो उशीवरून विचारतो, "किती सेंटिमीटर?"
मी लगेच बोलत नाही.
आतल्या आत पट्टी बुडवते,
ओल कुठवर आली ते बघते,
मग सांगते.